गोठा सांभाळून ५ हजार हिमकणांचे फोटो काढणारा शेतकरी

चऱ्होली : थंडी पडली की आपल्या भागातून मनाली, गुलमर्गच्या सहली सुरू होतात. परत आलेल्या पोरांच्या मोबाईलमध्ये बर्फ पडतानाचे फोटो शेकड्यानं असतात, आणि त्यातले बरेचसे फसलेले असतात. चेहरा धुरकट, नाकासमोर मोठाले पांढरे ठिपके, आणि जो बर्फ डोळ्यांना चुन्यासारखा पांढरा दिसत होता तो फोटोत राखेच्या रंगाचा. मग फोनला शिव्या बसतात. खरं तर फोनचा तेवढा दोष नाही. पडतं बर्फ कॅमेऱ्यात धरणं हे काम मुळातच अवघड आहे. हे काम आयुष्यभर नेटानं करणारा एक माणूस होऊन गेला. तो ना स्टुडिओवाला होता, ना कॉलेजातला प्राध्यापक. दहा गाईंचा गोठा सांभाळणारा शेतकरी होता. विल्सन बेंटली त्याचं नाव. ९ फेब्रुवारी ही त्याची जन्मतारीख, साल १८६५.

चऱ्होलीच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली महापालिकेत गेली, इंद्रायणीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात राहिली, तरी पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालणारी घरं दोन्ही काठांना अजून आहेत. बेंटलीचं घर त्याच जातीचं. गाव जेरिको, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ. डोंगराळ मुलूख. वर्षाला दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतं. तिथल्या शेतकऱ्याला बर्फ म्हणजे आपल्याकडच्या पावसाळी चिखलासारखं, रोजचं आणि डोक्याला ताप. त्याचं कुणी कौतुक करत नाही.

आईचा मायक्रोस्कोप

विल्सनची आई लग्नाआधी शाळेत शिकवायची. पोरगा चौदा वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला घरीच शिकवलं. तिच्याकडे शाळेच्या काळातला एक छोटा मायक्रोस्कोप होता. तो तिनं त्याला पंधराव्या वर्षी दिला. पोरानं त्याखाली पाण्याचा थेंब ठेवला, दगडाची कपची ठेवली, पाखराचं पीस ठेवलं. मग एकदा बर्फाचा कण ठेवला, आणि पुढं सगळं आयुष्य त्यातच गेलं.

दिसलं काय? सहा बाजूंची, सोनारानं घडवावी अशी नक्षी. एका फांदीवर जे नक्षीकाम, तेच बाकीच्या पाचांवर. त्यानं चित्रं काढायला घेतली. तीन हिवाळे नुसती चित्रं काढली, काही शे झाली. पण एक अडचण सुटेना. चित्र अर्धं होतंय तोवर कण विरघळून जायचा, आणि एकदा गेलेला नमुना परत दिसायचा नाही. दुसरा कण घ्यावा तर त्याची नक्षी वेगळी.

मायक्रोस्कोपला जोडता येणारा कॅमेरा मिळतो हे त्याच्या वाचनात आलं. किंमत शंभर डॉलरच्या घरात. बापाचा सगळा गोठा विकला असता तर एवढे पैसे उभे राहिले असते असं सांगतात. आता आपल्याकडचा विचार करा. सतरा वर्षांचं पोरगं सांगतंय की दादा, गोठ्याच्या किमतीचं यंत्र घ्या, मला बर्फाचे फोटो काढायचेत. बापाला हे खूळच वाटलं आणि पुढं मरेपर्यंत ते खूळच वाटत राहिलं. पण आईनं धरून लावलं आणि बापानं पैसे काढले. कॅमेरा आला. लाकडी पेटी, लोहाराच्या भात्यासारखा लांब होणारा कातडी भाता आणि पुढं मायक्रोस्कोप. हाच एक कॅमेरा त्यानं मरेपर्यंत वापरला.

पहिला हिवाळा वाया गेला. प्लेटांवर नुसत्या सावल्या उमटल्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं प्रकाश आत सोडणारं भोक अगदी बारीक करून पाहिलं. १५ जानेवारी १८८५ ला, वयाची वीस वर्षं पुरी व्हायला महिना कमी असताना, हिमकणाचा पहिला स्वच्छ फोटो निघाला. असा फोटो तोवर अमेरिकेत कुणी काढलेला नव्हता.

दोरी, पीस आणि केरसुणीची काडी

फोटो काढण्याची त्याची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण त्याची खरी करामत तिथंच आहे.

घरामागं चूल-शेगडी नसलेली एक थंडगार खोली होती. कॅमेरा तिथं आडवा मांडलेला, तोंड खिडकीकडं. बर्फ पडायला लागलं की बेंटली काळ्या रंगाची एक फळी घेऊन दारात उभा राहायचा. फळी तारेच्या कड्यांना धरायची, हाताची ऊब लाकडात उतरू नये म्हणून. काळ्यावर पांढरे कण ठळक दिसतात. पाच-सहा सेकंदांत पुरेसे कण जमले की आत यायचं आणि भिंगातून नजर टाकायची. मोडके, गुंतलेले, भाताच्या शितासारखे चिकटलेले कण पिसानं झाडून टाकायचे आणि फळी परत बाहेर. मनाजोगता एखादा दिसला तर केरसुणीच्या काडीच्या टोकानं अलगद उचलून काचेच्या पट्टीवर ठेवायचा, आणि पिसाच्या कडेनं हलकेच दाबायचा.

हे दाबणं कशासाठी? मायक्रोस्कोपमधून इतकं मोठं करून बघताना स्पष्ट दिसणारा थर केसाएवढा पातळ असतो. कण जरा जरी कलता राहिला तरी त्याची एक फांदी स्पष्ट दिसते आणि समोरची धूसर. सहाही फांद्या एका पातळीत आणायच्या तर कण काचेला टेकलेला हवा. म्हणजे फोकसचं निम्मं काम कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी, पिसानंच व्हायचं. उरलेलं काम दोरीनं. भाता पूर्ण ताणला की मागच्या दुधी काचेपाशी बसलेल्या माणसाचा हात पुढच्या फोकसच्या चाकापर्यंत पोचत नाही. बेंटलीनं चाकावरून दोरी घेऊन ती मागं आणली. विहिरीच्या रहाटासारखा प्रकार. काचेवरचं चित्र बघत मागं बसून दोरी ओढायची, चित्र स्पष्ट झालं की थांबायचं. बाजारात विकत मिळणारी ही वस्तू नव्हती, घरी बसवलेली जुगाड होती.

यात घाई आणि सबुरी दोन्ही एकदम लागायची. भोक बारीक ठेवलं की कण कडेपर्यंत स्पष्ट येतो, पण प्रकाश कमी पडतो. म्हणून प्लेट दहा सेकंदांपासून शंभर सेकंदांपर्यंत उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ खोलीत काही हलता कामा नये. श्वाससुद्धा कणाच्या अंगावर जाता कामा नये. आणि कण तर तिकडं झिजत असतो. थंडी कितीही असली तरी बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडत राहतं. आधी टोकं बोथट होतात, मग नक्षी पुसट होते. फळीवर कण पडल्यापासून प्लेट झाकेपर्यंत एक-दोन मिनिटंच हातात असायची. हे सगळं धारा काढून, वैरण घालून, शेण ओढून झाल्यावर. वादळ काही गोठ्याचं काम बघून येत नाही. बाप १८८७ साली वारला, त्यानंतर शेताचा भार विल्सन आणि त्याच्या भावावर आला. तरी कॅमेरा बंद पडला नाही.

चौकटीत काय ठेवायचं

त्याच काळात न्यूयॉर्क शहरात आणखी एक माणूस पडत्या बर्फाशी झगडत होता. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे फोटोच्या इतिहासातलं मोठं नाव. २२ फेब्रुवारी १८९३ ला भर हिमवादळात तो हातातला कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला. कशासाठी, तर रस्त्यावरून येणारी काळी घोडागाडी बर्फाच्या धुरळ्यात नेमक्या जागी यावी म्हणून. पुढं त्यानं त्या निगेटिव्हचा निम्म्याहून जास्त भाग छाटून टाकला आणि गाडी मधोमध आणली. बर्फ दाखवायला त्याला गडद काहीतरी लागलं. बेंटलीलाही काळी फळीच लागली. एकाचं काम भर रस्त्यात, दुसऱ्याचं बंद खोलीत, पण पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही ही अडचण दोघांची एकच.

सहलीला जाणाऱ्यांनी इथंच दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोन स्वतःहून फोकस करतो तेव्हा जवळून पडणाऱ्या कणांमागं धावतो. म्हणून माणसाच्या चेहऱ्यावर किंवा मागच्या झाडाच्या बुंध्यावर बोट दाबून धरायचं, फोकस तिथं बांधला जातो. मग उजेड थोडा वाढवायचा, कारण चौफेर पांढरं दिसलं की कॅमेरा ते राखाडी करून टाकतो. मागं देवदारासारखं गडद काहीतरी असू द्या, नाहीतर पडतं बर्फ दिसणारच नाही. फ्लॅश तर बंदच. फ्लॅशचा उजेड नाकासमोरच्या कणांवर पडतो आणि तेच ते पांढरे ठिपके येतात. ज्यांच्याकडं कॅमेरा आहे त्यांनी शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं तर कण टिपक्यांसारखे येतील, तिसाव्या-साठाव्या भागावर ठेवलं तर पावसाच्या सरींसारख्या रेघा येतील. दोन्ही चांगलंच दिसतं, आधी काय हवं ते ठरवलेलं असावं.

आता बेंटलीच्या कामातली वादाची गोष्ट. खिडकीचा उजेड कणातून आरपार येत असल्यामुळं मूळ फोटोत कण फिकट आणि मागची बाजूही उजळ यायची. कड नीट उठत नसे. म्हणून तो निगेटिव्हची दुसरी प्रत काढायचा आणि चाकूच्या टोकानं कणाच्या भोवतीचा सगळा थर खरवडून टाकायचा. तिथं नुसती काच उरली की छापताना तो भाग काळाकुट्ट येतो. आज आपण जे काळ्या मखमलीवर हिरा ठेवल्यासारखे फोटो बघतो, ते या खरवडण्यातून आलेले आहेत. एकेका प्लेटला तासन्‌तास लागायचे. मूळ प्लेट मात्र तो तशीच जपून ठेवायचा.

जर्मनीचे हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांनी यावर बोट ठेवलं. त्यांच्यासाठी बर्लिनच्या रिशार्ट नॉयहाउस यांनीही हिमकणांचे फोटो काढले होते, आणि त्यात वाकडेतिकडे, एका बाजूनं वाढलेले कण भरपूर होते. हेलमान यांचं म्हणणं असं, की कडा कोरताना आकाराला धक्का लागतो, आणि निसर्गात इतकी सुबकता सरसकट नसते. बेंटलीनं कणाच्या आकाराला हात लावल्याचं मान्य केलं नाही.

आमच्या मते खरवडण्याचा आरोप तितकासा मोठा नाही. मूळ प्लेटा शाबूत आहेत, कुणीही ताडून बघावं. दुसरा मुद्दा मात्र जड आहे. बेंटली फळीवरचे मोडके कण पिसानं झाडत होता, आणि आकाशातून पडणारे बहुतेक कण मोडकेच असतात. त्याची चित्रं बघून जगाची समजूत झाली की बर्फ म्हणजे सहा पाकळ्यांची फुलंच फुलं. शाळेच्या पुस्तकापासून शुभेच्छापत्रापर्यंत तेच चित्र गेलं. बाजारात डाळिंबाची पेटी भरताना वरच्या थराला निवडक फळ लावतात, तसलंच हे झालं. पण पेटीवाल्याचा हेतू आणि याचा हेतू एक नव्हता. त्याला विकायचं नव्हतं, त्याला ते विरघळण्याआधी वाचवायचं होतं. चांगलं तेवढंच वाचवावं असं त्याला वाटलं. शास्त्राच्या दृष्टीनं ती उणीव राहिली.

परातीत पीठ आणि पावसाचा थेंब

गावाला याचं फारसं काही वाटलं नाही. शेजाऱ्यांच्या लेखी तो एक भला, जरा विक्षिप्त माणूस होता. पियानो वाजवायचा, क्लॅरिनेट वाजवायचा, पाखरांचे आवाज काढायचा. लग्न केलं नाही. बाहेर मात्र नाव व्हायला लागलं. व्हरमाँट विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या मदतीनं १८९८ साली त्याचा पहिला लेख एका नामांकित विज्ञान मासिकात छापून आला. १९०३ साली त्यानं ५०० छापील फोटो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडं जपून ठेवायला पाठवले. शाळा-कॉलेजं, सोनार, कापडावर नक्षी काढणारे त्याच्याकडून चित्रं मागवायचे. तो एकेक प्रत पाच सेंटला द्यायचा. खर्च निघायचा नाही. खर्चाचा आणि कमाईचा मेळ आयुष्यात कधी बसला नाही, वर्षानुवर्षं गाईंच्या दुधानं फोटोंना पोसलं.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला त्याचं दुसरं काम जास्त पटेल. ते पावसावरचं आहे. १८९८ ते १९०४ या काळात त्यानं पावसाच्या थेंबांचं माप घेतलं. साधन काय, तर पसरट भांड्यात बोटभर जाडीचा चाळलेल्या पिठाचा थर. पाऊस पडताना ते काही सेकंद उघडं धरायचं. जिथं थेंब पडेल तिथं पिठाची बारीक गोळी बनते. त्या वाळवायच्या आणि मोजायच्या. गोळी थेंबाएवढीच असते कशावरून? ते तपासायला त्यानं आधी ठाऊक आकाराचे थेंब पिठात टाकून पाहिले होते. सत्तर पावसांतली ३४४ मापं त्यानं घेतली. सगळ्यात मोठा थेंब पाव इंचाच्या आसपास भरला. मोठा पाऊस पुष्कळदा वरच्या बर्फाचे कण वितळूनच पडतो, हेही त्यानं त्या काळी मांडलं.

शास्त्रज्ञांनी या लेखाकडं बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. १९४३ साली अमेरिकेत जमिनीची धूप का होते हे शोधणाऱ्या लॉज आणि पार्सन्स यांनी थेंब मोजायला हीच पिठाची रीत वापरली. थेंब जेवढा मोठा तेवढा तो ढेकळावर जोरात आपटतो आणि माती मोकळी करतो, हा धडा त्यातून पक्का झाला. शेताला बांध घालणं, माती पालापाचोळ्यानं झाकणं यामागं हाच हिशोब आहे.

चऱ्होलीच्या डोक्यावरून जाणाऱ्या पावसाळी ढगांच्या उंच माथ्यावर आजही बर्फाचे कण तयार होत असतात. इंद्रायणीत पडणाऱ्या कितीतरी सरी वर बर्फ असतात, खाली येताना पाणी होतात. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००९ पासून विमानं थेट ढगांत नेऊन थेंब आणि हिमकण मोजले. विमानाच्या पंखाखाली बसवलेली यंत्रं उडत्या कणांच्या आकृत्या टिपतात. त्यात निवड नसते, मोडकं असो की सुबक, समोर येईल ते टिपलं जातं.

बेंटलीनं नुसतं बर्फच टिपलं असंही नाही. खिडकीच्या काचेवर गोठलेलं दव, गवताच्या पात्यावरचे थेंब, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले दवबिंदू, याचेही त्याचे कितीतरी फोटो आहेत. हे काम तर चऱ्होलीतसुद्धा करता येतं. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या रानात पहाटे कोळ्याची जाळी दवानं भरलेली असतात. कॅमेरा जाळ्याला समांतर धरायचा, म्हणजे सगळे थेंब एका पातळीत येतात, आणि मागं सावलीतला गडद भाग ठेवायचा. ऊन वर आलं की संपलं.

शेवटचा हिवाळा

१९२४ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेनं बेंटलीला संशोधनासाठी अनुदान दिलं. तोवर तो साठीला टेकला होता आणि फोटो काढायला लागून ३९ वर्षं झाली होती. पुढं हवामान खात्यातले शास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी मजकूर लिहिला आणि बेंटलीच्या २,४०० वर चित्रांचं 'स्नो क्रिस्टल्स' हे पुस्तक नोव्हेंबर १९३१ मध्ये निघालं. एकूण प्लेटा ५ हजारांवर होत्या. इतक्यांत एकासारखा दुसरा कण सापडला नाही हे त्याचं सांगणं जगभर पसरलं.

पुस्तक हातात आलं आणि काही आठवड्यांतच, डिसेंबरमध्ये, हिमवादळातून सहा मैल चालत तो घरी आला. अंगावर पुरते गरम कपडे नव्हते असं सांगतात. न्यूमोनिया झाला. २३ डिसेंबर १९३१ ला, ज्या घरात पहिला फोटो काढला त्याच घरात तो गेला. वय ६६.

ते पुस्तक जपानमध्ये उकिचिरो नाकाया या तरुण प्राध्यापकाच्या हाती पडलं. होक्काइदोत राहणाऱ्या नाकायानं ठरवलं की निवडायचं नाही, सगळे कण बघायचे. त्यानं मोडक्या, जुळ्या, सुईसारख्या, पट्टीसारख्या कणांच्याही जाती लावल्या. १९३६ साली प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत सशाच्या केसावर त्यानं हिमकण वाढवून दाखवला. किती थंडीत आणि किती दमट हवेत कोणता आकार होतो याचा तक्ता त्यातून तयार झाला. पंधरा अंश शून्याखाली, हवा दमट असली की फांद्यांचे तारे. पाच अंशांच्या आसपास सुया. बेंटलीच्या नोंदवहीत थंडी, वारा, ढग यांची रोजची टिपणं होती. आकार हवामानावर ठरतो हा अंदाज त्यानं त्यावरून आधीच बांधला होता, पडताळून पाहायला त्याच्याकडं थंड खोली तेवढी नव्हती.

त्याच्या काचेच्या प्लेटांचा मोठा साठा आज अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या विज्ञान संग्रहालयात आहे. जेरिको गावानं मात्र उशिरा का होईना, त्याची दखल घेतली. गावातल्या जुन्या, लाल रंगाच्या पिठाच्या गिरणीत त्याच्या फोटोंचं कायमचं प्रदर्शन मांडलेलं आहे.